नवरीची पातेली

हुस्नबानू सहाव्यांदा हॉलच्या पायऱ्या उतरून हडपसरच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. बाराला यायचं वऱ्हाड अडीच वाजले तरी आलं नव्हतं. खडकीहून निघालो, एवढा एकच निरोप, आणि त्यानंतर नवऱ्या मुलाच्या वडिलांचा मोबाईल बंद. रस्त्यात गाड्या तुंबल्या असतील, असं जो तो म्हणत होता. तिला ते पटेना. काल हळदीत विहीणबाई तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. मागच्या वर्षी लेकीची, रझियाची एक सोयरीक ऐन वेळी मोडली होती. आता दुसऱ्यांदा तसं झालं, तर पोरीला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

ती तरातरा हॉलच्या मागे गेली. आचारी मैनुद्दीनचाचा बिर्याणीच्या पातेल्यांची झाकणं कणकेने बंद करून खुर्चीत निवांत बसले होते. तो निवांतपणा पाहून तिचं डोकंच फिरलं.

"चाचा, झाकण काढा. करपलं का ते बघू द्या."

"उघडलं की वाफ गेली. मग बिर्याणी नुसती बघायचीच उरेल," चाचा म्हणाले. "खालची आच कमी केली, माझं काम झालं. पाहुणे काय माझ्या चुलीवर नाहीत."

"तुम्हाला बोलायला काय जातंय?"

चाचांनी कोपऱ्यातली एक लहानशी पातेली उचलून तिच्या हातात दिली. "ही नवरीची. दर लग्नात वेगळी शिजवतो. ही कुणासाठी थांबत नसते. लेकीला सकाळपासून काही खायला घातलंत का, आपा?"

वऱ्हाड जेवल्याशिवाय आपल्यापैकी कुणी घास घ्यायचा नाही, हा हुकूम हुस्नबानूचाच होता. त्यात रझियाही उपाशी राहिली, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

आतल्या खोलीत रझिया एकटीच बसली होती. चेहरा पार उतरला होता. जरीच्या लांब बाह्या आणि हातभर बांगड्या, तिला स्वतःच्या हाताने खाता येण्यासारखं नव्हतंच. हुस्नबानूने दार लोटलं, मोबाईल बंद केला आणि घास उचलला.

"अम्मी, ते आलेच नाहीत तर?"

"ते मला ठाऊक नाही. तू आ कर."

रझियाने घास घेतला. तिसऱ्या घासाला लवंग लागली, तशी तिने ती लहानपणीसारखीच काढून आईच्या तळहातावर ठेवली. हुस्नबानूला हसू आलं, आणि डोळेही भरले. सकाळपासून आपण रस्त्याकडे बघतोय, या पोरीकडे नीट पाहिलंच नाही. मग तिने पाहिलं. डोळ्यांतलं काजळ जरा पसरलं होतं, ते पदराच्या टोकाने टिपलं. मायलेकी काहीबाही बोलत राहिल्या, शेजारच्या सरुबाईंच्या बोकडाने दुपट्टा खाल्ला होता त्याबद्दलसुद्धा.

बाहेर बँड वाजला. कुणीतरी दारावर थाप मारली, "वऱ्हाड आलं, बाहेर या."

हुस्नबानूचा हात घासासकट तसाच थांबला.

"एवढ्यात?" ती म्हणाली.