बाहेरची नर्स

सून रजिस्टर्ड नर्स झाली, घरोघरी जाऊन लोकांच्या जखमा धुऊ लागली; पण सासूबाई आपल्या चिघळलेल्या पायाला तिला हात लावू देईनात. "तू भांड्यांचं बघ. पायाला बाहेरची, शिकलेली नर्स बोलवा!" पाय कापायची वेळ आली, तेव्हा मुलाने हात टेकले आणि घरी नर्स पाठवणाऱ्या एजन्सीला फोन लावला. एजन्सीने नेमकी हिलाच धाडली. हिनेही गणवेश चढवला, दाराबाहेर जाऊन बेल वाजवली. सासूबाईंनी चष्म्यावरून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुकाट पाय पुढे केला. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाल्या, "हात हलका आहे हो तुमचा, सिस्टर. जाता जाता आमच्या सुनेलाही तेवढं शिकवून जा."