ऑक्टोपस की अस्वल

आईला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना दोघे भाऊ बसून राहिले. समोर टीव्हीवर ऑक्टोपस दाखवत होते. थोरला उठून दोन येरझाऱ्या घालून परत बसला. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "याच्यापुढे पांढरं अस्वलसुद्धा हात टेकेल."

धाकट्यानं मोबाइल काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला.

"एका पंजात भुगा करेल त्याचा," शेवटी धाकटा म्हणाला.

थोरल्याला राहवेना. "भुगा कसला करणार? त्याच्या अंगात एक हाड नाही."

"कणा नसलेल्याची बाजू तू घेणारच."

"आणि तू त्या ढोल्या अस्वलाची. घरचंच माणूस ना."

मग जी जुंपली ती जुंपलीच. झुंज बर्फावर लावायची की पाण्यात, यावर दोघे हमरीतुमरीवर आले. ऑक्टोपसचा विळखा कसा पडतो ते थोरला धाकट्याच्या मानेवर करून दाखवत होता आणि धाकटा गुदमरत "हे फाउल आहे" म्हणत होता, तेवढ्यात दार उघडलं.

नर्सनं आईचं स्ट्रेचर बाहेर आणलं. "ऑपरेशन छान झालंय. पण तुम्ही दोघं आधी आवाज बंद करा बघू."

दोघे खाली मान घालून उभे राहिले. थोरल्याचा हात अजून धाकट्याच्या खांद्यावरच होता.

आईनं डोळे किलकिले करून दोघांकडे पाहिलं आणि नर्सचा हात धरला.

"भांडू दे गं त्यांना," ती पुटपुटली. "सहा वर्षांनी बोलताहेत."