थोडाफार फरक

केबिनच्या दाराशी मायाक्का सरगर उभी होती. हातातल्या कागदांच्या कडा घामाने ओल्या झाल्या होत्या. आत डॉ. मृत्युंजय हत्तुरे फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होते. ते हसणं थांबलं, तशी ती एक पाऊल मागे सरली.

"जा आत," अक्षता मॅडम मागून हळूच म्हणाल्या. सोलापूरच्या त्या कॉलेजात नव्या संशोधकांचे पेपर जर्नलकडे पाठवायला त्याच मदत करायच्या. मायाक्काच्या पेपरावर दोघी महिनाभर बसल्या होत्या. इंग्रजी सुधारलं, तक्ते नीट केले, जर्नलही ठरलं. राहिली होती सरांची संमती. सर तिचे गाईड. पेपरवर त्यांचं नाव होतं आणि पेपर त्यांच्याच विरुद्ध होता.

"मॅडम, तुमी पण चला की."

"मी आले तर त्यांना वाटेल, मीच तुला पढवून पाठवलंय."

मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर एक औषध हमखास लागू पडतं, असं सरांनी पूर्वी एका पेपरात दाखवलं होतं. त्यावर त्यांचं नाव झालं. सांगोला-मंगळवेढ्याकडे शिबिरं भरली. मेंढपाळ त्या औषधाला 'हत्तुरे सरांचा डोस'च म्हणू लागले. मायाक्काने त्याच भागातल्या कळपांच्या लेंड्या डोसच्या आधी आणि नंतर तपासल्या. जंतांची अंडी कमी होत नव्हती. तिने पुन्हा नमुने आणले, पुन्हा तपासले. तरी नाही.

ती आत गेली. सरांनी कागद घेतले, चष्मा लावला. त्यांनी बस म्हटलं नाही. ती उभीच राहिली. सरांशी वाद घातलेल्या एका मुलाची पीएचडी कशी लोंबकळत राहिली, ती गोष्ट तिला पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगितली होती.

सरांनी पान उलटलं. परत मागे आले.

"हे कुणी लिहायला लावलं तुला?"

मॅडमचं नाव तिच्या ओठावर आलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर सरांचा राग तिकडे वळला असता.

"कुणी न्हाई, सर. मीच लिवलंय." घाबरली की तिची भाषा अशी गावाकडे पळायची.

"मोजण्यात चूक झाली असेल."

"नमुना हाय, सर. काल संध्याकाळी आणलेला. डोस देऊन पंधरवडा झालेल्या मेंढीचा."

सर उठले. तिच्याकडे न बघता लॅबकडे चालू लागले. ती मागोमाग. व्हरांड्यात अक्षता मॅडम भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सर त्यांच्याशीही बोलले नाहीत.

मायाक्काने स्लाईड तयार केली. पहिली काच हातातून निसटून फुटली. दुसरी कशीबशी मायक्रोस्कोपखाली सरकवली. सर वाकले. एका हाताने स्क्रू फिरवत राहिले. स्लाईड थोडी इकडे, थोडी तिकडे. मायाक्का त्यांच्या मानेकडे बघत होती. ती मान वर उठली की आपलं काय होणार, याचाच विचार तिच्या डोक्यात होता.

"अजून एक लाव," सर म्हणाले.

तिने लावली. मग आणखी एक. सर प्रत्येक वेळी तेवढाच वेळ वाकून राहिले. शेवटी सरळ झाले आणि चष्मा काढून डोळे चोळत स्टुलावर बसले.

"मी सगळे नमुने कॉलेजच्या फार्मवरचेच घेतले होते," ते म्हणाले. "तिथल्या मेंढ्यांना आधी कधी औषधच दिलेलं नव्हतं, त्यांच्या जंतांना त्याची सवयच नव्हती. माळावर कोण जाणार उन्हातान्हात... आणि लिहिताना मात्र अख्ख्या भागात लागू पडतं, असं लिहिलं."

ती खाली वाकून फुटलेल्या काचेचे तुकडे गोळा करू लागली.

सरांनी खिशातलं पेन काढून पेपरातल्या एका ओळीवर आडवी रेघ मारली. "'आधीच्या निष्कर्षापेक्षा थोडाफार फरक आढळतो.' हे काय लिहिलंयस? फरक नाही हा. औषध लागू पडत नाही. तसंच लिही. भीत भीत लिहिलेलं वाक्य परीक्षकांना लगेच कळतं."

"व्हय, सर."

"आणि मला सांग, लोक अजून तोच डोस देतात?"

"देतात, सर." तिचा आवाज बारीक झाला. "आमचे आप्पा पण. यंदा कोकरं लई दगावली. तरी दर खेपेला तोच."

"तू वडिलांना सांगितलं नाहीस?"

"कसं सांगायचं, सर? तुमच्याविरुद्ध?"

सरांनी पेन परत खिशात ठेवलं. "जर्नल छापेल तेव्हा छापेल. त्याला वर्षही लागेल," ते म्हणाले. "आप्पांना फोन लाव. आता लाव."

मायाक्काने नंबर लावला. काय बोलायचं, ते जुळवत असतानाच सरांनी हात पुढे केला. तिने फोन दिला. तो त्यांनी कानाला लावला.

"हॅलो, मी हत्तुरे बोलतोय. मायाक्काचा सर."

फोन स्पीकरवर नव्हता, तरी माळावरून ओरडून बोलायची सवय असलेला आप्पांचा आवाज लॅबभर ऐकू आला.

"सायेब! सायेब, तुमी सोता फोन केला? अवो, आत्ताच बघा, कळपाला तुमचाच डोस पाजून उभा हाय मी! लई उपकार हायती तुमचे आमच्यावर!"

सरांनी तोंड उघडलं. ते मायाक्काकडे बघत राहिले.

"हॅलो? सायेब? ऐकू येतंय नव्हं?"