चित्रातला बाप

"अहो, हा बाप वाकत का नाही?" तिनं चित्राकडे बघत विचारलं. प्राचीन रोममधलं घर, ताठ उभा बाप, त्याच्या पायाशी फरशीवर बाळ, आणि खाटेवरून नवऱ्याकडे टक लावून बघणारी बाळंतीण.

"तिथं तशी रीत होती," ब्रश न थांबवता नवरा म्हणाला. "बापानं उचललं तर लेकरू घरचं. नाहीतर उंबऱ्याबाहेर."

त्यांच्या तिसऱ्या लेकीचं आज बारसं. बारा दिवसांत त्यानं तिला एकदाही हात लावला नव्हता.

तिनं कुशीतली लेक त्याच्या पायाशी, गार फरशीवर ठेवली. "मग उचला ना. एकदाच."

त्याच्या हातातून ब्रश निसटला. तो वाकला.

त्यानं ब्रश उचलला.

"ये गं, माझी साळुंकी ती," म्हणत तिनंच लेकीला उचललं. चित्रातली बाळंतीण अजून नवऱ्याकडेच बघत होती.