वजनाची नोंद

मदतनीसांच्या तंबूत कोरड्या मोज्यांचे चार जोड, चार जाकिटं, सूपचे सहा थर्मास आणि एक वजनकाटा एवढं सामान होतं. शर्यतीचा तिसरा दिवस होता. खेळाडूंचं वजन नोंदवायचं काम मदतनीसाचं, म्हणजे दादाचं. संघातली त्याची धाकटी बहीण सत्तेचाळीस किलोंच्या खाली गेली, तर डॉक्टर तिला थांबवणार होते आणि चौघांचा अख्खा संघ बाद होणार होता.

ती काट्यावर चढली. “दादा, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? आकडा बघ की!”

ओल्या जाकिटाचे सहाशे ग्रॅम वजा करूनही सत्तेचाळीस किलो दोनशे भरले. दादाचा जीव भांड्यात पडला. ओलं जाकीट त्याच्या अंगावर भिरकावून, कोरडं चढवून ती डोंगराकडे पळाली. आता उद्यापर्यंत संघाशी संपर्क होणार नव्हता.

जाकीट वाळत घालताना खिशातून दोन दगड पडले. त्याने ते काट्यावर ठेवले. नऊशे ग्रॅम.