टॉवेल

सकाळी साडेआठलाच तिसरी पेशी मेली.

अंधाऱ्या खोलीत प्रल्हादने डोळे चोळले. आत्ताआत्तापर्यंत मायक्रोस्कोपच्या पडद्यावर विषाणूंचे हिरवे ठिपके लेझरच्या उजेडात चमकत पेशीच्या केंद्रकाकडे सरकत होते. निम्म्या वाटेवर पेशी आक्रसली आणि ठिपके जागच्या जागी थांबले. तीन आठवडे हेच चाललं होतं. जीव विटला होता त्याचा.

शेजारच्या टेबलावरून प्रीताने मान वळवली. ती इथेच, अमेरिकेत, बॉथेलमध्ये वाढलेली. चिडली की तिचं मराठी संपायचं.

"व्हायरसने नाही मारलं हं, तुझ्या लेझरने मारलं. यू आर कुकिंग देम, प्रल्हाद! दर दोन सेकंदांनी फोटो काढतोस. जरा अंधारात राहू दे ना त्यांना."

"आणि मधेच काही झालं न् दिसलंच नाही तर?"

प्रीताने त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

फोनवर नागपूरचं घर होतं. आई गेल्यावर त्याने तिथल्या हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला होता. दिवसातून तीस-चाळीस वेळा तो बघायचा. बाबा पेपर वाचताना, बाबा औषधाची डबी उघडताना, बाबा टीव्हीसमोर पेंगताना. बघितलं की हायसं वाटायचं, आणि फोन करायचा राहून जायचा.

आत्ता तिथे रात्रीची टीव्हीची वेळ होती, पण फोनवर नुसता काळोख होता. कॅमेरा तर चालू दाखवत होता. त्याने लगेच नंबर लावला. सहाव्या रिंगला बाबांनी फोन उचलला.

"बाबा! बरे आहात ना? कॅमेऱ्यात काहीच दिसत नाहीये."

"बरा आहे. टॉवेल टाकलाय मी त्याच्यावर."

"काहून?"

"दीड महिना झाला, तुझा फोन नाही," बाबा थकल्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, दिसलो नाही तर करशील."

शरमेने प्रल्हादचे कान तापले. समोर पेशींची चौथी डिश तयार होती.

"काढू का टॉवेल?" बाबांनी विचारलं.

"राहू द्या," तो म्हणाला. त्याने लेझर बंद केला आणि पडद्याकडे पाठ केली. "काय जेवलात आज?"