आपलं नंतर बघू

भोपळा बोका मुकाट्याने आपल्या पिंजऱ्यात जाऊन बसला. भित्री मांजरीने मात्र चारही पाय दाराच्या चौकटीला टेकवून असा काही हट्ट धरला, की लिफ्टवाल्याचा घामटा निघाला.

"अगं बये, मालकिणीकडेच चाललोय तुझ्या," तो म्हणाला. "चल आता, माझे आई!"

आई ऐकेना. शेवटी त्याने तिच्या पिंजऱ्यात बायकोचा जुना, मुद्दाम न धुतलेला गाऊन अंथरला. भित्रीने वास घेतला, जरा विचार केला आणि उपकार केल्यासारखी आत शिरली.

ही गाऊनची युक्ती बायकोचीच. बदली होऊन ती दूरच्या शहरात गेली, तेव्हा मांजरं मागे राहिली होती. त्याआधी लिफ्टवाल्याचं आणि त्यांचं कधी जमलं नव्हतं. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत निम्मा महिना परगावी काढणारा माणूस, मांजरं त्याला कशाला ओळख देतील! पण रिकाम्या घरात बोलायला दुसरं होतं कोण? भोपळ्याशी लगेच गट्टी जमली. भित्रीने मात्र नाकदुऱ्या काढायला लावल्या. अनोळखी माणूस दिसला की ती कपाटामागे घुसायची आणि तो गेल्यावरही बाहेर यायची नाही. तिने त्याच्या मांडीवर पहिल्यांदा डोकं टेकलं, त्या दिवशी त्याने बायकोला फोन करून सांगितलं. "अरे वा," ती म्हणाली होती.

मग त्याने विचारलं होतं, "मीही येऊ का तिकडे? कायमचा?"

ती म्हणाली होती, "आधी मांजरं येऊ देत. आपलं नंतर बघू."

बिचाऱ्याने याचा अर्थ काढला, सामानसुमानाचं नंतर बघू. पठ्ठ्याने नोकरी सोडली, भाड्याचं घर सोडलं, पलंग, कपाट सगळं फुंकून टाकलं, आणि बायकोला पत्ता लागू दिला नाही. दारात उभं राहून सांगायचं होतं त्याला. 'तुम्ही घरात असून नसल्यासारखे,' ही तिची कायमची तक्रार. आता परगावी जाणं बंद. तिच्याच शहरात काम बघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. संसार पुन्हा रुळावर आणायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

रस्ताभर तिचे फोन येत होते. जेवणखाण आणि विचारपूस सगळी मांजरांची.

"निघायच्या आधी खायला नाही ना घातलं? ओकतील."

"नाही घातलं. मीही उपाशीच आहे."

"पिंजऱ्यावर चादर टाका, म्हणजे घाबरायची नाहीत. आणि काही झालं तरी गाडीत पिंजरा उघडू नका. रस्त्यात निसटली तर जन्मात सापडायची नाहीत."

"माझा जीव गेला तरी नाही उघडणार," तो म्हणाला, आणि ते त्याने खरंच पाळलं. भित्री घाट चढताना ओकली, उतरताना रडली, सपाटीवर आल्यावर नुसतीच ओरडली. तो तिच्याशी बोलत राहिला. नव्या घराबद्दल बोलला, खिडकीबद्दल बोलला, खिडकीत तुम्हा दोघांना फळी ठोकून देतो म्हणाला.

मुक्कामाच्या लॉजवर जनावरांना बंदी होती. त्याने पिंजरे चादरीत गुंडाळून वर नेले. जिन्यातच भोपळ्याने गळा काढला. मॅनेजरने मान वर केली, तसा लिफ्टवाला जोरजोरात खोकायला लागला.

"औषध घ्या हो काहीतरी," मॅनेजर म्हणाला. "छातीत मांजर बसल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तो पत्त्यावर पोचला. एका हातात भोपळा, दुसऱ्या हातात भित्री. कपड्यांची पिशवी आणि हत्यारांची पेटी त्याने गाडीतच ठेवली. आधी बातमी सांगायची, मग त्या वर आणायच्या, असं ठरवलं होतं. दार उघडायला कोणीतरी असेल, असं बायको म्हणाली होती. त्याने कोपराने बेल दाबली.

एका माणसाने दार उघडलं. केस ओले, पायात सपाता. घरमालक असणार, लिफ्टवाल्याने ताडलं.

"मांजरं ना? या या," तो माणूस म्हणाला. "दमला असाल. केवढ्या लांबून आणलीत."

घरमालक माणुसकीचा मिळाला, लिफ्टवाल्याला बरं वाटलं. त्याने पिंजरे खाली ठेवले आणि हलक्या आवाजात बजावलं, "तुम्ही जरा लांब उभे राहा हं. ही दुसरी आहे ना, ती अनोळखी माणसाला फार घाबरते. दडून बसेल कुठेतरी."

त्याने पिंजऱ्यांची दारं उघडली. भोपळ्याने जांभई दिली. भित्री बाहेर आली, अंग ताणलं, शेपटी ताठ केली. लिफ्टवाल्याने पुढे केलेल्या हाताला वळसा घालून ती सरळ त्या माणसाकडे गेली आणि त्याच्या पायाला अंग घासत गुरगुरायला लागली. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं, तर ती तिथेच पसरली.

लिफ्टवाला बघतच राहिला. त्याला थोडं लागलं, खोटं कशाला बोला. मग हसू आलं.

"फितूर कुठली!" तो लाडाने म्हणाला. "रस्ताभर उलट्या मी पुसायच्या, आणि लाड घरमालकांचे!"

माणसाने भित्रीला खांद्यावर नीट सावरून घेतलं. आत कुठेतरी नळ बंद झाल्याचा आवाज आला. म्हणजे बायको घरातच होती! लिफ्टवाल्याने शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात वाक्य जुळवलं: मी कायमचा आलोय.

"अहो, आली का मांजरं?"

बायकोचाच आवाज. इतका मऊ आवाज त्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं.

"आली गं," भित्रीच्या पाठीवरून हात फिरवत तो माणूस म्हणाला. "दोन्ही आली."